रोजची बातमी आणि कपाटात कुलूपबंद फोन

"मॅडम, सकाळी पेपर उघडला की एक बातमी, दुपारी ग्रुपवर दुसरी. आज हे ॲप धोक्याचं, उद्या ते. माझ्या फोनमध्ये आत्ता कुणी शिरलेलं नाही, हे मला खात्रीने कोण सांगणार?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी येऊन हे विचारणारे काका ६४ वर्षांचे, लेखापाल म्हणून निवृत्त झालेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सोबत काकू होत्या. फोन मात्र घरी कपाटात, कुलूप लावून ठेवलेला. दिवसातून वीसेक वेळा तो बाहेर निघायचा, काका बँकेची शिल्लक बघायचे आणि पुन्हा कुलूप. रात्री दोन-अडीचला जाग आली की आणखी एकदा. पुण्यातल्या नातीशी व्हिडिओ कॉल बंद झाला होता. विजेचं बिल भरायला काकू भर उन्हात रांगेत उभ्या राहत होत्या.

सुरुवात चार महिन्यांपूर्वीची. काकूंच्या दादांना व्हॉट्सॲपवर वाहतूक दंडाचं चलन म्हणून एक फाइल आली. त्यांनी ती उघडली आणि दुसऱ्या दिवशी खात्यातून १ लाख ८० हजार गेले. दादा शपथेवर सांगत होते, "ओटीपी कुणाला सांगितला नाही." काकांना ते पटत नव्हतं. "न सांगता कसे जातील? काहीतरी लपवतात ते," असं म्हणून ते काकूंना रोज टोचायचे. काकू पहिल्याच भेटीत रडल्या त्या याच वाक्यावर, पैशांवर नव्हे.

अशा वेळी "काका, काही होत नाही, उगाच घाबरता" असं म्हणण्याचा मोह टाळावा लागतो. एक तर ते खरं नाही; घरातल्याच माणसाचे पैसे गेले आहेत. दुसरं, अशा दिलाशाचा परिणाम शिल्लक बघण्यासारखाच असतो. दहा मिनिटं बरं वाटतं, मग शंका दुप्पट जोराने परत येते आणि माणूस पुन्हा दिलासा मागतो. तपासणं हा चिंतेचा खुराक आहे. म्हणून पहिल्या आठवड्याला एवढंच काम दिलं: वहीत दोन रकाने आखायचे. एकात शिल्लक पाहिल्याची वेळ, दुसऱ्यात "काय सापडलं?" सात दिवसांत १४३ नोंदी झाल्या आणि दुसरा रकाना कोरा राहिला. लेखापालाला ते आकडे बोलके वाटले. समोरच्याची भाषा आकड्यांची असेल तर समुपदेशनही आकड्यांतच करावं.

दादांचं कोडं मात्र आधी सोडवायला हवं होतं. त्यांना आलेल्या फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' होतं. म्हणजे ते चित्र नव्हे, कागदही नव्हे. अँड्रॉइडवर बसणारं अख्खं ॲप. असं ॲप बसताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं, पुष्कळदा 'ॲक्सेसिबिलिटी'चीही. ही दुसरी सोय दृष्टी अधू असलेल्यांसाठी केलेली आहे. ती मिळाली की ॲप पडद्यावरचं वाचू शकतं आणि माणसाच्या वतीने बटणंही दाबू शकतं. घाईत माणूस 'अलाउ, अलाउ' करत जातो. मग ओटीपी फोनवर येतो, तिथून गुपचूप चोराकडे जातो, काही वेळा मूळ संदेश पुसलाही जातो. दादा खरं बोलत होते. त्यांनी ओटीपी सांगितला नव्हता, फोनने सांगितला होता.

हे ऐकून काका बराच वेळ गप्प बसले. काकूंनी फक्त "बघा" एवढंच म्हटलं.

दुसऱ्या भेटीला काका सात कात्रणं घेऊन आले. ती टेबलावर मांडली आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: यात आज माझ्या हाताने करण्यासारखं काय आहे?

जुलै २०२४चं एक कात्रण होतं. १९ तारखेला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते आणि आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. काकांनी त्यातून धडा घेतला होता, "अपडेट केलं की यंत्र बिघडतं," आणि तेव्हापासून फोनचं प्रत्येक अपडेट नाकारलं होतं. ते सॉफ्टवेअर मोठ्या संस्था विकत घेतात, काकांच्या फोनशी त्याचा संबंध नाही. उलट २०१७चं उदाहरण त्यांना सांगितलं. वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस १२ मे रोजी पसरला, ब्रिटनमधली रुग्णालयं अडली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. ज्यांनी ते दोन महिने बसवलं नाही तेच सापडले. अपडेट टाळणं म्हणजे दाराचं नवीन कुलूप खोक्यातच ठेवून रात्रभर दारापाशी जागत बसणं.

दुसरं कात्रण जून २०२५चं, "१६ अब्ज पासवर्ड फुटले". हा आकडा जगाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट, तो वाचून कुणाचीही झोप उडेल. पण कुठल्या एका मोठ्या कंपनीची तिजोरी त्या दिवशी फुटली नव्हती. लोकांच्या संगणकांवर बसलेल्या चोर-सॉफ्टवेअरने गोळा केलेल्या याद्यांची ती थप्पी होती, त्यात पुनरावृत्तीही भरपूर. त्यावर हाताने करण्यासारखं होतं: ईमेलचा पासवर्ड वेगळा ठेवणं आणि दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डासोबत आणखी एक खूण मागणारी) चालू करणं. बस.

तीन कात्रणं सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या इशाऱ्यांची होती: अमुक ब्राउझरमध्ये 'अतिगंभीर' त्रुटी. हे इशारे वाचायची एक रीत आहे. त्यात नेहमी 'अमुक आवृत्तीच्या आधीच्या आवृत्त्या' असं लिहिलेलं असतं आणि तो इशारा बहुधा दुरुस्ती उपलब्ध झाल्यावर येतो. म्हणजे मथळा भीतीचा असला तरी मजकूर उपायाचा असतो. उरलेली दोन कात्रणं 'डिजिटल अरेस्ट'ची, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालायची आणि पैसे उकळायचे. तिथे त्रुटी यंत्रात नसते, घाबरलेल्या माणसाला पकडलेलं असतं.

सातपैकी एकाशी काकांचा काही संबंध नव्हता, चार अपडेट आणि पासवर्ड यांत संपत होती, आणि दोन बातम्यांवर तांत्रिक उपाय नव्हताच. ज्याची तयारी मनाने करायची ते एवढंच, आणि नेमकं तिथेच काका सगळ्यांत कच्चे होते, कारण चार महिने ते भीतीच्या टोकावरच उभे होते. अशा माणसाला "तुमच्या नावाने पार्सल सापडलंय" असा फोन आला तर तो आधी थरथरतो, विचार मागाहून येतो. लुबाडणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

तिसऱ्या भेटीला फोन आणला गेला. हाताला काम मिळालं की चिंता जागच्या जागी फिरायची थांबते, म्हणून सगळं काकांनीच केलं. कुणी त्यांच्या हातातून फोन घेतला नाही. ('द्या बाबा, मी करतो' म्हणणारी मुलं चांगल्या मनाने वडिलांना आणखी परावलंबी करतात.)

सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात अँड्रॉइड आवृत्ती, त्याखाली सुरक्षा अपडेटची तारीख: १४ महिने जुनी. अपडेट सुरू केलं तर 'जागा अपुरी'. काका आधी नाकारत होते हे खरं, पण मध्ये दोनदा मुलाच्या सांगण्यावरून प्रयत्न करूनही ते याच कारणाने अडलं होतं आणि काकांनी ते हॅक झाल्याचं लक्षण धरलं होतं. व्हॉट्सॲपच्या 'स्टोरेज अँड डेटा'मधल्या 'मॅनेज स्टोरेज'मध्ये सुप्रभातचे व्हिडिओ मोठ्यापासून लहान असे दिसतात. ते पुसल्यावर ६ जीबी मोकळी झाली. वाय-फायवर, बॅटरी ५० टक्क्यांच्या वर ठेवून अपडेट लावलं आणि ते होईपर्यंत चहा झाला.

मग 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' हा शब्द सेटिंग्जच्या शोधात टाकला. प्ले स्टोअर सोडून कुठून ॲप बसवायला मुभा आहे त्याची यादी आली. व्हॉट्सॲपसमोर 'अलाउड' होतं. दादांचे पैसे याच दारातून गेले होते. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स, सगळ्यांची मुभा बंद. ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत अनोळखी काही नव्हतं. एसएमएसची परवानगी एका टॉर्चच्या ॲपला होती; विजेरीला एसएमएस कशाला? ते ॲप काढलं. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून प्ले प्रोटेक्टचं, म्हणजे घातक ॲप शोधणाऱ्या सोयीचं, स्कॅन केलं.

व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये एक विंडोज संगणक जोडलेला दिसला आणि काकांचा चेहरा पांढरा पडला. "बघा, मी म्हणत नव्हतो!" तारीख पाहिली. हयातीच्या दाखल्याची प्रत काढायला ते झेरॉक्सच्या दुकानात गेले होते, तिथे व्हॉट्सॲप वेब उघडलं, बंद करायचं राहिलं. हे फार घरांत सापडतं. तिथूनच 'लॉग आउट' केलं आणि सहा आकडी पिनची 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' लावली. पिन जन्मसालाचा नाही, गाडीच्या नंबराचा नाही. ईमेलसाठी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द जोडून लांब पासवर्ड केला. तो वहीत लिहून कपाटात ठेवायला सांगितलं तेव्हा काका चमकले. पण त्यांना धोका आहे तो दूर कुठेतरी बसलेल्या माणसाकडून, आणि त्याचा हात त्या कपाटापर्यंत पोचत नाही. फोनऐवजी वही कुलपात गेली.

पैशांची व्यवस्था वेगळी लावली. निवृत्तिवेतनाचं खातं यूपीआयला जोडायचं नाही; दुसऱ्या छोट्या खात्यात महिन्याला पाच-सहा हजार टाकायचे आणि यूपीआय फक्त त्यावर. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, आणि संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावाने किती मोबाइल क्रमांक चालू आहेत ते पाहिलं. दोनच होते, दोन्ही घरातले.

चौथ्या भेटीत एक कागद तयार झाला, फ्रिजवर लावायला. पैसे गेल्याचं दिसलं तर: फोनचा डेटा आणि वाय-फाय बंद करायचं, काकूंच्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावायची, मग बँकेच्या कार्डामागच्या नंबरावर कळवायचं. व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ हाताशी ठेवायची. पडद्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढायचे, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा, आणि तक्रार होईपर्यंत फोन रिसेट करायचा नाही. पैसा चोरांच्या एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतो. तो मध्येच गोठवता येतो तो पहिल्या काही तासांत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, बँकेची आणि ग्राहकाची चूक नसताना झालेला व्यवहार, बँकेकडून त्याची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर बोजा पडत नाही. ग्राहकाचा हलगर्जीपणा असला तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं.

मग दादा एवढे उशिरा का बोलले? त्यांनी चौथ्या दिवशी सांगितलं. आधीचे तीन दिवस ते एकटेच घरात बसून होते, "लोक काय म्हणतील" म्हणून. आणि लोक म्हणाले तेच: "शिकलेला माणूस तू, एवढं कळू नये?" हे वाक्य घराघरांतून हद्दपार व्हायला हवं. चोराने एकदा लुटलेल्या माणसाला आपण दुसऱ्यांदा लुटतो, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला शिकवतो की उद्या तुझं गेलं तर गप्प बस. लाजेने गेलेले ते तीन दिवस कुठल्याच हेल्पलाइनला परत आणता येत नाहीत. काकांनी फ्रिजच्या कागदावर सगळ्यांत वर आपल्या अक्षरात लिहिलं: "आधी सांगा. रागावणार नाही."

त्याच भेटीत तालीम झाली. काकू झाल्या क्राइम ब्रांचचे साहेब. आवाज असा चढवला की काकांच्या कपाळावर खरोखर घाम आला. तिथेच थांबून शरीराकडे पाहिलं: छातीत धडधड, हात गार, जीभ कोरडी. ही खूण पटली की आधी फोन पालथा ठेवायचा, उभं राहायचं, पाणी प्यायचं. मग एकच वाक्य: "मी जवळच्या पोलीस ठाण्यात येऊन बोलतो." व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही, हे फक्त माहीत असून भागत नाही, घाबरलेल्या तोंडून वाक्य निघायला हवं. पाच वेळा तालीम केली. मुलाच्या आवाजाची नक्कल करून कुणी पैसे मागितले तर विचारायचा घरगुती शब्दही ठरला.

शिल्लक बघणं एकदम बंद केलं नाही. आधी दिवसातून सहा वेळा, ठरलेल्या घड्याळी. पुढच्या आठवड्यात तीन, मग रात्री आठला एकदा. मधल्या वेळेसाठी बँकेचा एसएमएस आहे. बातम्या रविवारी अकरा वाजता एकत्र वाचायच्या, त्याच वेळी अपडेट बघायचं. मध्ये एका नव्या बातमीने एका दिवसात नऊ वेळा शिल्लक पाहिली गेली. वहीत ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा तीनवर आला होता. झोप तीन आठवडे सलग उडाली असती, धाप लागून भीतीचे झटके आले असते किंवा जगणं नको वाटलं असतं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं ठरलेलंच होतं. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पाचव्या भेटीला काकू आल्या नाहीत. काका आले ते दादांना घेऊन. दोघं शेजारी बसले, काकांनी दादांचा फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, यांचंही अपडेट अडलंय. जागा अपुरी म्हणतोय. सुप्रभातचे व्हिडिओ मीच पाठवलेले आहेत."