वहिनी फोनवर तुटक का बोलतात?

प्रश्न : गेल्या वर्षी आईला अर्धांगवायू झाला, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळून आहे. मुलुंडला दादा-वहिनी तिचं सगळं करतात, दिवसा पगारी मावशी असतात. मी न्यू जर्सीला असते. दर महिन्याला पैसे पाठवते, रोज सकाळी साडेदहाला कामातून उठून व्हिडिओ कॉल करते. तरी हल्ली वहिनी तुटक बोलते. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचे सकाळचे साडेदहा म्हणजे मुलुंडला रात्रीचे आठ (तुमची घड्याळं मागे गेली की नऊ). बारा तासांची पाळी संपवून मावशी निघायच्या घाईत असतात, कुकर लावलेला असतो आणि आईंचं डायपर बदलायचं राहिलेलं असतं. त्यात तुमचा फोन. मग वहिनी आईंना उशांना टेकवून बसवणार, तोंड पुसणार, केस विंचरणार आणि तुम्ही बघून म्हणणार, "आई बारीक झाली गं, खाते ना नीट?" तुम्ही काळजीनेच विचारता. पण ऐकणारीला ती तपासणी वाटते.

त्या बाजूला मी तीन वर्षं काढली आहेत. माझे सासरे दादरला घरीच होते. दर दोन तासांनी कूस बदला, असं डॉक्टर एका वाक्यात सांगून मोकळे होतात. रात्री दोनचा गजर झाला की उठायचं. अंगाखाली आडवी घातलेली चादर दोघांनी दोन बाजूंनी धरायची आणि माणूस न घासता उचलून सरकवायचा. मग कुशीवर वळवायचं, पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी. टॉर्च मारून माकडहाड आणि टाचा बघायच्या, कुठे लाल तर झालं नाही ना. लाल दिसलं की झोप गेलीच. चारला पुन्हा गजर. एवढं करूनही एकदा जखम झालीच, तेव्हा परदेशातल्या एका नातेवाइकाने विचारलं, "एअर मॅट्रेस घेतली होती ना, मग कशी झाली?" पुढे सहा महिने मी त्यांच्याशी हो-नाही एवढंच बोलत होते. (एअर मॅट्रेस घेतली तरी कूस बदलणं सुटत नाही, हे जाता जाता.)

पैसे पाठवता ते चांगलंच. पण त्या पैशांत येणारी मावशी शोधायची कोणी? गणपतीत मावशी चार दिवसांचं सांगून गावी जातात आणि कधीकधी परततच नाहीत. मग मावशी पुरवणाऱ्या ब्युरोला फोन, बदली बाई, तिला पहिल्यापासून सगळं दाखवणं. हे ब्युरोचं खातं तुम्ही पूर्णपणे अंगावर घ्या. इथले संध्याकाळचे सात म्हणजे तुमचे सकाळचे साडेनऊ किंवा साडेआठ, ब्युरोवाल्याशी भांडायला उत्तम वेळ. डायपर, अंडरपॅड, औषधं संपायच्या आत मागवणंही तिथून होतं. आईंना पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला लक्षात ठेवा. सत्तरीपुढच्या ग्राहकांकडून तो घरी येऊन घ्यावा, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखेच्या मागे मात्र लागावं लागतं, ते तुम्ही लागा.

आणि रात्रीची मावशी लावा. दादा म्हणतील, रात्रीचं परकं माणूस घरात कशाला. त्यांना नका विचारू, वहिनींना विचारा.

दादा स्वतः कसे आहेत, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. दिवसभर ऑफिस आणि रात्री आईंना उचलणं करणारा माणूस "मी ठीक आहे" म्हणतो, त्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर त्यांना पाठवून ठेवा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आता तुमच्या येण्याबद्दल. दादा-वहिनींना सुट्टी मिळावी म्हणून आईंना काही दिवस कुठे ठेवता येईल का, असं तुमच्या मनात येईल. घरातला कॅन्सर उपचारांपलीकडे गेला असेल, तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून अशा रुग्णांना ठेवून घेतं. अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी ते नाही. म्हणजे दादा-वहिनींना सुट्टी द्यायची तर तुम्हालाच यायला हवं. डिसेंबरात लग्नं आणि खरेदी उरकायला येता तेव्हा वहिनींना आईंबरोबर तुमचंही बघावं लागतं. तेव्हा तिकीट काढण्याआधी त्यांना विचारा, "तुम्हाला कधी बाहेर पडायचंय?" आल्यावर पहिल्या दोन रात्री त्यांच्याबरोबर जागा, चादर कशी धरायची ते शिकून घ्या आणि तिसऱ्या दिवशी त्या दोघांना आठ दिवस जाऊ द्या. त्या जाताना दहा सूचना देतील, कागदावर लिहून घ्या. आठ दिवसांत त्यांचा फोन आला तर उचला, तुम्ही होऊन करू नका.

बॅगेत वेट वाइप्स भरून आणू नका. मुलुंडला कोपऱ्यावर मिळतात.