निकाहनाम्यात (मुस्लिम विवाहाच्या करारपत्रात) अटी लिहून घेतल्या तर दोन घरांतील संबंध बिघडतात का, आणि त्या अटी टिकतात का?

संबंध बिघडतात असे सांगणारे बहुधा मुलाकडचे असतात. आमच्याकडे मात्र माझे सख्खे भाईजानच सांगत होते.

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी माझ्या मुलीचा निकाह ठरला, तेव्हा मी दोन अटी मांडल्या. तिचे नर्सिंगचे शिक्षण पूर्ण होऊ द्यावे, आणि तिच्या संमतीविना दुसरा निकाह केल्यास किंवा वर्षभर खर्च न दिल्यास स्वतःला तलाक देण्याचा अधिकार तिच्याकडे असावा. या दुसऱ्या अटीला तलाक-ए-तफवीज म्हणतात. भाईजान पाहुण्यांदेखत म्हणाले, ‘मांडव पडायच्या आधीच तू मुलीच्या परतीची सोय करतोस.’ व्याही मात्र चिडले नाहीत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि एवढेच म्हटले की आपली शेती कोरडवाहू, कपाशी गेली तर वर्षभर हातात पैसा नसतो, म्हणून ‘ऐपत असूनही’ हे शब्द घाला. ते घातले. त्यानिमित्ताने त्यांच्या डोक्यावर सोसायटीचे किती कर्ज आहे आणि मुलगी पुढे नोकरी करणार का, हे दोन्ही घरांत उघडपणे बोलले गेले. एरवी या गोष्टी पहिल्या भांडणातच कळतात. मुलगी आज नोकरी करते आणि त्या अटीला हात लावण्याची वेळ आलेली नाही.

भाईजानच्या मुलीच्या निकाहनाम्यात नाममात्र मेहरखेरीज (पतीने पत्नीला द्यायच्या रकमेखेरीज) काहीच नव्हते. जावयाने दुसरा निकाह केला, खर्च बंद केला, आणि तिला १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली न्यायालयात जावे लागले. त्या कायद्यानुसार खर्च न देण्याच्या कारणासाठी आधी दोन वर्षे काढावी लागतात. ‘विश्वासावर दिलेली मुलगी’ हे त्यांचे पूर्वीचे शब्द मी त्यानंतर त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

टिकण्याविषयी सांगायचे तर, आपल्याकडील बहुतेक मुस्लिम हनफी (सुन्नी धर्मशास्त्राची एक शाखा) आहेत, आणि हनफी मताप्रमाणे ‘दुसरा निकाह करणार नाही’ एवढेच लिहिल्याने दुसरा निकाह रद्द होत नाही. हंबली या दुसऱ्या शाखेच्या मतात अशी अट मोडल्यास पत्नीला निकाह मोडता येतो. म्हणून अटीला परिणाम जोडावा. पतीने पहिल्या पत्नीला नव्या पत्नीच्या संमतीविना घरी आणल्यास नव्या पत्नीला तलाकचा अधिकार, अशी काबीननाम्यातील (म्हणजे निकाहाच्या करारातील) अट आसामच्या उच्च न्यायालयाने १९५५ मध्ये मान्य केली होती. मेहरही ऐपतीप्रमाणे आणि स्पष्ट लिहावी, कारण न दिलेली मेहर हे कर्ज असते आणि पती वारल्यास वारसांच्या वाट्याआधी ते फेडावे लागते. शेतीच्या वाटणीत दीर-नणंदांना हे आवडत नाही, तरी नियम तोच आहे.

मात्र तफवीजमुळे पतीचा स्वतःचा तलाकचा अधिकार जात नाही, आणि अट मोडली हे सिद्ध करण्याचा भार मुलीवरच असतो. पत्नीला खर्च मिळणारच नाही, असे लिहिलेले टिकत नाही. निकाह झाला असला तरी तफवीज नंतरही लिहून देता येते. हे मी भाईजानना त्यांच्या धाकट्या मुलीसाठी सांगितले आहे, आणि या वेळी कागद त्यांनी स्वतः मागवून घेतला.