जमीन आणि तिच्यावरील आरक्षणाच्या प्रकरणांत वकिली करावी का?

फौजदारी काम सोडून जमीन व विकास आराखड्याच्या प्रकरणांकडे वळावे का आणि त्यात जम बसायला किती वर्षे लागतात, असे आपण विचारले आहे. अवश्य वळावे, मात्र ज्यांना हे काम कारकुनी वाटते, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

माझ्या ज्येष्ठ वकिलांना ते कारकुनीच वाटे. २०१३ साली आमच्याकडे आलेल्या एका शेतकरी कुटुंबाच्या जमिनीवर दहा वर्षांहून अधिक काळ क्रीडांगणाचे आरक्षण होते, म्हणजे विकास आराखड्यात ती क्रीडांगणासाठी राखून ठेवली होती, पण संपादित केलेली नव्हती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ खाली नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे आराखडा राबवणाऱ्या नगरपालिकेसारख्या संस्थेला, सूचना द्यायची होती; तिच्यानंतर ठरलेल्या मुदतीत, तेव्हा बारा महिन्यांत, संपादनाचे पाऊल उचलले गेले नाही तर आरक्षण संपुष्टात येते. सातबाऱ्यावर मृत वडिलांचेच नाव होते आणि सूचनेवर सही एकट्या थोरल्या भावाची. आधी वारस नोंद करून सर्वांच्या सह्या घ्याव्यात, असे मी सुचवले, तेव्हा तलाठ्याच्या दारात उभे राहणे हे वकिलाचे काम नव्हे, असे मला ऐकवण्यात आले आणि सूचना तशीच रवाना झाली. वास्तविक २००९ च्या दुरुस्तीपासून मालकी किंवा हितसंबंध दाखवणारी कागदपत्रे सूचनेसोबत जोडावीत, असे कलमातच लिहिलेले आहे. बारा महिने संपत आले असताना नियोजन प्राधिकरणाने नेमकी तीच हरकत घेतली. पुढे बहिणींच्या नावांवरून फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरील नावे बदलण्याची, नोंद वादात सापडून तक्रारी नोंद झाली, आणि ती निकाली निघून नवी सूचना जाईपर्यंत २०१५ च्या दुरुस्तीने मुदत चोवीस महिन्यांवर नेली होती. जी जमीन बांधताही येत नव्हती आणि धड विकताही येत नव्हती, तिच्यासाठी त्या कुटुंबाला आमच्यामुळे आणखी काही वर्षे थांबावे लागले.

ज्येष्ठांनी दोष शेवटपर्यंत प्राधिकरणालाच दिला. माझ्या मते तो सर्वस्वी आमचा होता. प्राधिकरणाचा केवळ पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे, हा गिरनार ट्रेडर्स प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल त्यांना तोंडपाठ होता. पण सूचनाच सदोष असेल तर तो निकाल वाचून दाखवण्याची वेळच येत नाही. म्हणून पहिली दोन वर्षे भाग नकाशा, म्हणजे आराखड्याचा त्या जमिनीपुरता उतारा, मोजणी नकाशाशी ताडून पाहण्यात, जुने फेरफार वाचण्यात आणि आराखड्यावरील हरकतींच्या सुनावण्यांना बसण्यात घालवा.

मला स्वतःला जम बसवायला सात वर्षे लागली. मात्र घरात दुसरे उत्पन्न नसेल तर चालू फौजदारी काम एकदम सोडू नका, कारण अशा प्रकरणांतील उच्च न्यायालयातल्या रिट याचिका वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात आणि बहुतेक पक्षकार उरलेले शुल्क निकालानंतरच देतात.