कमल खेरांकडे बघून बॅग भरू नका

ताई, तुमचा प्रश्न असा की, कमल खेरा दिल्लीत जन्मल्या, नर्स होत्या आणि कॅनडाच्या आरोग्यमंत्री झाल्या. मग नाशिकच्या माझ्या बीएस्सी नर्सिंगला आणि आठ वर्षांच्या आयसीयूला तिथे किंमत असेलच ना? किंमत आहे हो, पण त्यांची वाट वेगळी.

त्या शाळकरी वयातच इकडे कॅनडात आल्या. नर्सिंग यॉर्क विद्यापीठात, नोकरी टोरोंटोच्या सेंट जोसेफ्समध्ये, कॅन्सरच्या पेशंटांची. डिग्रीच इथली, तपासणार कोण? 2015 ला ब्रॅम्प्टन वेस्टमधून खासदार झाल्या तेव्हा तिशीही नव्हती.

तुमची डिग्री बाहेरची. आणि गंमत म्हणजे खेराबाईंनी मंत्रिपदावरून मनात आणलं असतं, तरी त्या तुम्हाला लायसन्स देऊ शकल्या नसत्या. नर्सची नोंदणी प्रांताच्या हातात. ऑन्टारियोत ती करतं कॉलेज ऑफ नर्सेस. नाव कॉलेज, पण तिथे कुणी शिकवत नाही. मी चक्क ॲडमिशनची चौकशी केली होती!

मग एनक्लेक्स-आरएन, म्हणजे नोंदणीसाठीची नर्सिंगची परीक्षा. मी 2017 मध्ये दिली. 75 प्रश्न झाले आणि स्क्रीन बंद. बाहेर येऊन रडले. नंतर कळलं, तुमच्या उत्तरांवरून पास की नापास याचा अंदाज आला की परीक्षा तिथेच थांबते. पास झाले होते. आता किमान 85 प्रश्न असतात. ही परीक्षा भारतातही देता येते, म्हणून नोंदणीचा अर्ज तिथूनच सुरू करा. मी इथे येऊन सुरू केला आणि तोवर दोन वर्षं वृद्धाश्रमात रात्रपाळीला आज्यांचे डायपर बदलले. कामाची लाज नाही, पण हात आयसीयूचं काम विसरायला लागतात.

खेरांचं मला आवडतं ते मंत्रिपद नव्हे. ते तसंही औटघटकेचं ठरलं: मार्च 2025 मध्ये मिळालं, 28 एप्रिलच्या निवडणुकीत खासदारकीच गेली. पण 2020 मध्ये स्वतः कोविडमधून उठल्यावर ही खासदार ब्रॅम्प्टनच्या एका वृद्धाश्रमात नर्स म्हणून कामाला उभी राहिली. त्याही आधी तिने आपली नोंदणी पुन्हा चालू करून घेतली होती. खासदारालाही ते चुकलं नाही, बघा.

तेव्हा आधी तुमच्या नाशिकच्या कॉलेजात जा. माझ्या वेळी बाहेरची डिग्री तपासताना विषयवार तास, थिअरी वेगळी आणि वॉर्डातले वेगळे, लिहून द्यावे लागत; तुम्हालाही लागले तर तसंच मागा. माझ्या कॉलेजातल्या क्लार्कने दोन्हीची बेरीज करून एकच आकडा टाकला होता. त्यापायी चार महिने गेले.