वाचक विचारतात: नोटा, रिकामा डबा आणि खाली कुर्सी

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की दुसऱ्या देशांतल्या लोकशाहीबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय, तर पत्रं खूप आली आणि निम्म्याहून जास्त नोटावरच, म्हणजे मतयंत्रावरच्या ‘यांपैकी कोणी नाही’ या बटणावरच आली, इंदूर आहे म्हटल्यावर ते साहजिकच आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न: 2024 च्या लोकसभेला आमच्या घरातल्या सगळ्यांनी नोटा दाबलं. दोन लाखांवर लोकांनी दाबलं तरी काहीच झालं नाही. मग ते बटण ठेवलंय कशाला? बाहेरच्या देशांत असं काही असतं का, आणि असलं तर त्याचा उपयोग होतो का?
– एक वाचक, सुदामा नगर

उत्तर: भाऊ, तुमचा राग मला कळतो. काँग्रेसच्या उमेदवाराने अगदी शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला, मग पक्षानेच लोकांना नोटा दाबा म्हणून सांगितलं आणि 2 लाख 18 हजार 674 मतं नोटाला पडली, देशात एका मतदारसंघात तोवर एवढी कधीच पडली नव्हती. दुसऱ्या नंबरवर नोटाच होतं. भाजपचे शंकर लालवानी 11 लाख 75 हजारांच्या फरकाने निवडून आले.

आता बटण कशाला, तर ते उमेदवाराला नाकारायला आलेलंच नाहीये. आधी ज्याला कोणालाच मत द्यायचं नसेल त्याला केंद्रावरच्या रजिस्टरमध्ये तशी नोंद करून सही करावी लागायची, म्हणजे खोलीत बसलेल्या सगळ्यांना कळायचं की याने मत दिलं नाही. मत न देणाऱ्याचीसुद्धा गुप्तता राहिली पाहिजे म्हणून 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे बटण द्यायला लावलं. मोजणीत मात्र नोटाला उद्या नव्वद टक्के मतं पडली तरी उरलेल्या दहा टक्क्यांत जो पुढे असेल तोच खासदार होतो. आणि अजून एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते, रिंगणात एकच उमेदवार उरला तर मतदानच होत नाही, म्हणजे नोटाही नाही. त्याच निवडणुकीत सुरतला तेच झालं, तिथल्या मतदारांना लोकसभेसाठी बोटाला शाई लागलीच नाही.

आता इंडोनेशिया बघा. तिथे महापौर, जिल्हाप्रमुख, प्रांताचा गव्हर्नर यांच्या निवडणुकीत एकच उमेदवार असला तरी मतदान होतं, मतपत्रिकेवर एका बाजूला त्याचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला एक रिकामा चौकोन, त्यालाच रिकामा डबा म्हणतात. निम्म्याहून जास्त मतं मिळाली तरच तो निवडून येतो. 2018 मध्ये मकासर या मोठ्या शहरात एकट्या उमेदवारामागे बहुतेक सगळे मोठे पक्ष उभे होते तरी रिकामा डबा जिंकला! 2024 मध्ये दोन ठिकाणी तसंच झालं आणि 2025 मध्ये तिथे परत निवडणूक घ्यावी लागली. सुरतच्या प्रश्नाला माझ्या मते हेच सरळ उत्तर आहे, उमेदवार एकटा असला तरी त्याला लोकांसमोर जाऊ दे.

कोलंबियात कोऱ्या मताची सोय घटनेतच आहे. कोरी मतं एकूण वैध मतांच्या निम्म्याहून जास्त झाली तर निवडणूक पुन्हा, आणि महापौरासारख्या पदाला पहिल्या वेळचे उमेदवार पुन्हा उभे राहू शकत नाहीत. हे एकदाच करता येतं, नाहीतर चक्रच सुरू राहील. मेडेयिनला लागून असलेल्या बेयो शहरात 2011 मध्ये महापौरपदाला एकच उमेदवार होता आणि लोकांनी कोरं मत देऊन त्याला पाडलं. तिथे कोऱ्या मताचा प्रचार करायला रीतसर समिती नोंदवता येते, सभा घेता येतात, म्हणजे नाही म्हणणाऱ्याला पण उमेदवारासारखं उभं राहता येतं.

उलट अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात 1970 च्या दशकापासून ‘यांपैकी कोणी नाही’ असा पर्याय आहे पण तो आपल्यासारखाच बिनताकदीचा. 2014 मध्ये गव्हर्नरपदासाठी (आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद) डेमोक्रॅटिक पक्षाच्या आतल्या निवडणुकीत तो पर्याय पहिला आला आणि तिकीट दुसऱ्या नंबरवाल्याला मिळालं.

एक हिशोब मात्र खरा खरा सांगते. कोलंबियाचा नियम इंदूरला लावला असता तरी निकाल बदलला नसता कारण आपला नोटा पडलेल्या मतांच्या 14 टक्क्यांच्या आसपास होता. पण मला वाटतं की नियम असता तर आकडाच वेगळा आला असता, काही होणारच नाही हे माहीत असताना उन्हात रांगेत कोण उभं राहणार, त्या वेळी मतदान 2019 पेक्षा घसरलं होतंच. आणि हे काही फक्त परदेशातलं स्वप्न नाहीये, 2018 मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांसाठी आदेश काढला की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर पुन्हा निवडणूक घ्यायची. नगरपालिकेला चालतं तर लोकसभेला का नाही, हे आपण विचारलंच पाहिजे.

प्रश्न: अमेरिकेत म्हणे काम न करणाऱ्या नेत्याला मधेच घरी पाठवता येतं. आपण पाच वर्षं तोंड बघत बसतो. आपल्याकडे हे का नाही?
– एक कॉलेज विद्यार्थिनी, राजेंद्र नगर

उत्तर: अगं, आपल्या मध्य प्रदेशात आहे की! भरी कुर्सी, खाली (म्हणजे रिकामी) कुर्सी हे घरी आजोबांना विचार, त्यांनी ऐकलं असेल. थेट जनतेने निवडलेल्या नगरपालिका अध्यक्षाला परत बोलवायची सोय आपल्या राज्याच्या कायद्यात आली आणि ती बऱ्याच ठिकाणी वापरलीही गेली. तीन चतुर्थांश पार्षदांनी (नगरसेवकांनी) सह्या करून मागणी करायची, कलेक्टर ती तपासतात आणि मग लोक मतदान करतात, अध्यक्ष राहू दे म्हणायचं तर भरी कुर्सी, जाऊ दे म्हणायचं तर खाली कुर्सी. आमदार-खासदाराला मात्र हे लागू नाही.

पण यात गोची अशी आहे की सुरुवात पार्षद करतात, लोक नाही. म्हणजे अध्यक्षाशी पार्षदांचं बिनसलं तर खाली कुर्सी, आणि त्यांचं आपसात जमलेलं असलं तर गावात पाणी येवो न येवो, कोणी हलवू शकत नाही.

कॅलिफोर्नियात नागरिकच सह्या गोळा करतात. गव्हर्नरला काढायला मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या 12 टक्के सह्या लागतात. 2003 मध्ये ग्रे डेव्हिस यांना असंच काढलं आणि त्याच मतपत्रिकेवर नवा गव्हर्नरपण निवडला, 135 उमेदवार होते आणि आले आर्नॉल्ड श्वार्झनेगर. 2021 मध्ये गॅव्हिन न्यूसम यांच्यावर हीच वेळ आली पण ते टिकले. आणि हे अमेरिकेतल्या काही राज्यांपुरतंच आहे बरं का, राष्ट्राध्यक्षाला किंवा तिथल्या संसदेतल्या सदस्याला लोकांना असं काढता येत नाही.

ब्रिटनने 2015 मध्ये खासदारांसाठी कायदा केला पण दार अगदी अरुंद ठेवलं. खासदाराला तुरुंगवासाची शिक्षा झाली, सभागृहातून ठरावीक दिवसांसाठी निलंबित केलं किंवा खर्चाचे खोटे हिशोब दिल्याचं सिद्ध झालं तरच त्याला परत बोलवायचा अर्ज सह्यांसाठी उघडतो, मग सहा आठवड्यांत मतदारसंघातल्या 10 टक्के लोकांनी सह्या केल्या की जागा रिकामी. 2019 मध्ये पीटरबरोच्या खासदाराची जागा अशी पहिल्यांदा गेली. मला ब्रिटनचा रस्ता जास्त पटतो, काम आवडलं नाही म्हणून नाही तर गुन्हा केला म्हणून काढायचं, नाहीतर हरलेला पक्ष दुसऱ्या दिवसापासून सह्यांचे कागद घेऊन फिरेल.

प्रश्न: आमच्या सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा फार अभिमान वाटला होता. नातू म्हणतो इंग्लंडमधला स्पीकर पक्ष सोडतो. खरं का?
– एक आजी, रामबाग

उत्तर: आजी, नातू बरोबर सांगतोय. तिथे स्पीकर झाला की पक्षाचा राजीनामा द्यायचा, आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष त्याच्यासमोर उमेदवार देत नाहीत. आपल्याकडे सक्ती नाही. 1967 मध्ये नीलम संजीव रेड्डींनी अध्यक्ष झाल्यावर काँग्रेस सोडली होती पण तो पायंडा पडला नाही. खरं तर पक्षांतरबंदी कायद्यात अध्यक्षाला पक्ष सोडायची मुभा मुद्दाम दिली आहे, आणि त्याच कायद्याने कोणता खासदार अपात्र हे ठरवायचं कामही अध्यक्षाकडेच दिलंय, म्हणून माझं मत असं की ती मुभा वापरली गेली पाहिजे. अडचण एकच, अध्यक्षांच्या मतदारसंघातल्या लोकांना मग मोठ्या पक्षांतून निवड करताच येत नाही, 2024 मध्ये तिथल्या स्पीकरच्या चोर्ली मतदारसंघातल्या मतदारांचं तेच झालं.

प्रश्न: मुलगा म्यूनिखला असतो. तो म्हणतो जर्मनीत वाजपेयींचं सरकार एका मताने पडलंच नसतं. हे कसं?
– एक निवृत्त शिक्षक, लोकमान्य नगर

उत्तर: सर, 17 एप्रिल 1999 आठवतो ना, बाजूने 269, विरोधात 270. पाडणारे एकत्र आले पण पुढे पंतप्रधान कोण यावर एकत्र येऊ शकले नाहीत, काही दिवसांत लोकसभा बरखास्त झाली, निवडणूक सप्टेंबर-ऑक्टोबरला आणि मधे कारगिलचं युद्ध काळजीवाहू सरकारला लढावं लागलं.

जर्मनीत घटनेचं कलम 67 सांगतं की संसदेला चॅन्सेलरला (म्हणजे तिथल्या पंतप्रधानाला) काढायचं असेल तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर बहुमताने निवडून द्या, नुसतं नको म्हणून चालत नाही. हिटलरच्या आधीच्या काळात तिथे सरकार पाडायला सगळे तयार असायचे, चालवायला कोणी नाही, त्या अनुभवातून हे कलम आलं. 1972 मध्ये विली ब्रांट यांच्याविरुद्धचा असा ठराव दोन मतांनी फसला, 1982 मध्ये हेल्मुट श्मिट गेले आणि त्याच मतदानाने हेल्मुट कोल आले. स्पेननेही हेच घेतलंय, 2018 मध्ये पंतप्रधान राहॉय जाऊन सांचेझ असेच आले.

पण मुलाला एवढं सांगा की वाजपेयींनी विश्वासमत स्वतः मागितलं होतं, आणि तसं मागून हरलं तर जर्मनीतही निवडणूक लागू शकते, चॅन्सेलर शोल्त्स डिसेंबर 2024 मध्ये हरले आणि फेब्रुवारीत मतदान झालं. फरक असा की जर्मनीत शोल्त्स यांना मुदतीआधी निवडणूक हवी होती म्हणून त्यांनी ते मत मागितलं, आणि आपल्याकडे अण्णाद्रमुकने पाठिंबा काढल्यावर राष्ट्रपतींनी बहुमत सिद्ध करा म्हटलं म्हणून मागावं लागलं. जर्मनीत राष्ट्राध्यक्ष चॅन्सेलरला असं सांगू शकत नाहीत, मित्रपक्ष निघून गेला तरी नवं नाव पुढे येईपर्यंत तो खुर्चीवर राहू शकतो.

आपण हे का घेतलं नाही? डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत साफ सांगितलं होतं की स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत आणि मसुद्याने जबाबदारीला जास्त महत्त्व दिलंय. मला ते आजही पटतं. तरी आधी नवा ठरवा मग जुना काढा या नियमाने जबाबदारी कमी होत नाही, उलट पाडणाऱ्यावरही जबाबदारी येते. विधी आयोगानेही 1999 च्याच आपल्या 170 व्या अहवालात असा बदल सुचवला होता, तो अजून कोणत्याच सरकारने हाती घेतलेला नाही.