विनॉक्सिश्वसन, किण्वन आणि आंबणे

प्रश्न असा आला आहे: शाळेच्या पुस्तकात 'विनॉक्सिश्वसन', महाविद्यालयात 'किण्वन' आणि घरी पीठ 'आंबवणे'; तिन्ही एकच का?

नाहीत. शालेय व्याख्या ऐसपैस आहे. ऑक्सिजनवाचून अन्नातली ऊर्जा काढून घेणे ते विनॉक्सिश्वसन, आणि किण्वन हा त्यातला दुसरा टप्पा. पहिल्या टप्प्यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात आणि पेशीच्या पदरात एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे) निव्वळ 2 रेणू पडतात. दुसऱ्यात एटीपी मिळतच नाही. मग तो हवा कशाला? पहिल्या टप्प्यात ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन उचलणाऱ्या एनएडी या रेणूचे भरलेले एनएडीएच होऊन बसते. ते पुन्हा मोकळे झाले नाही तर ग्लुकोज असूनही काम ठप्प. म्हणून यीस्ट पायरुविक आम्लापासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते, स्नायू लॅक्टिक आम्ल करतात.

सूक्ष्मजीवशास्त्र किण्वनाला श्वसन मानत नाही. तिथे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन वाहक रेणूंच्या साखळीने पुढे जाऊन बाहेरच्या एखाद्या पदार्थाने स्वीकारले तरच श्वसन. तो स्वीकारणारा ऑक्सिजन नसून नायट्रेट किंवा सल्फेट असला की विनॉक्सिश्वसन. मुठेच्या काठी काळ्या गाळाला सडक्या अंड्यांचा वास येतो, तो सल्फेटपासून झालेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. तिथे 'किण्वन' लिहू नये. इडलीच्या पिठात मात्र किण्वनच. (किण्व शब्द जुना, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या कृतीत येतो.)

'आंबणे' बोलीत ठेवावे, तिथे ते चोख आहे. पुण्याच्या थंडीत 'पीठ आंबलं नाही' म्हणजे जीवाणूंची वाढ मंदावली, एवढेच. भांडे उबेला ठेवून वेळ वाढवला की काम होते. 'अंग आंबणे' मात्र फसवे. पर्वतीच्या पायऱ्या पळत चढताना मांड्या भरून येतात तेव्हा लॅक्टिक आम्ल वाढते खरे, पण साधारण तासाभरात ते उतरते. दुसऱ्या दिवशी अंग आंबते ते स्नायुतंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. वाक्प्रचार सुचला म्हणून हा दाखला वर्गात देऊ नये.

लेखनाचे म्हणाल तर विना + ऑक्सि असा हा संस्कृत-इंग्रजी संधी. जोडून लिहावा, 'क्सि' ऱ्हस्व. तोडून लिहिलात तर 'विनॉक्सी श्वसन'.