'नामसाधर्म्य' आहे, पण त्या माणसाला काय म्हणायचे?

प्रश्न असा आहे : एकाच नावाच्या दोन वेगवेगळ्या प्रसिद्ध व्यक्ती असतील, तर त्यांना एकमेकांचे काय म्हणावे? 'नामबंधू', 'नामराशी', 'नामधारी', 'हमनाम' यांपैकी बरोबर कोणता?

'नामधारी' आधी बाजूला काढू. नामधारी राजा म्हणजे नावापुरता राजा, कारभार भलत्याच्याच हाती. 'हे दोघे लेखक नामधारी आहेत' असे लिहिले की दोघांचीही लेखणी काढून घेतल्यासारखे होते. 'नामराशी' हिंदीत या अर्थाने चालतो, पण मराठी वाचक तो वाचून मेष-वृषभ शोधू लागेल. 'हमनाम' गझलेत शोभतो, चरित्रकोशात नाही.

मराठीत या बाबतीत पक्का रुळलेला शब्द एकच, 'नामसाधर्म्य'. काटेकोर बोलायचे तर 'नामसाम्य' अधिक नेमका. साधर्म्य म्हणजे गुणधर्म सारखे असणे, आणि इथे नावापलीकडे काहीच सारखे नसते. पण वृत्तपत्रांनी 'नामसाधर्म्य' इतका रुजवला आहे की आता तक्रार करण्यात अर्थ नाही. अडचण वेगळीच आहे. हे भाववाचक नाम आहे, त्यामुळे ते दोघांमधले नाते सांगते, माणूस दाखवत नाही. 'नामसाधर्म्यामुळे घोटाळा झाला' ठीक. 'तो याचा नामसाधर्म्य आहे' हे मराठी नव्हे.

माणसासाठी संस्कृतात 'सनामन्' आहे. त्याचा 'सनाम' करून वापरायचा मोह होतो, पण तो समजावून सांगावा लागतो आणि 'सनाभि', म्हणजे एका कुळातला, याच्याशी त्याची गल्लत होते. 'नामबंधू' आणि 'नामभगिनी' थट्टेच्या सुरात झकास. गंभीर नोंदीत मात्र 'बंधू' दिसला की वाचकाला नात्याचा वास येतो. माझे मत विचाराल तर साधे 'त्याच नावाचा' किंवा 'त्याच नावाची' लिहावे. एका शब्दाचा हट्ट कशाला?

भाषांतर करताना एक चूक हमखास होते. इंग्रजीतला 'नेमसेक' दोन कामे करतो : योगायोगाने तेच नाव असलेला, आणि कुणाच्या तरी नावावरून नाव ठेवलेला. मराठीत ही दोन वेगळी वाक्ये आहेत. हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन (1930–1980) आणि 1969 साली जन्मलेला ब्रिटिश दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन यांचा एकमेकांशी संबंध नाही. तिथे 'त्याच नावाचा' हेच हवे. 'च्या नावावरून' लिहिले की नसलेला संबंध चिकटतो.

इथे व्याकरणाचा मुद्दाही निघतो : 'दोन शाहू' म्हणता येते का, विशेषनामाला अनेकवचन नसते ना? नसते. ते अनेकवचनी वापरले की तिथे सामान्यनाम झालेले असते. पण हे दोन तऱ्हांनी होते. 'इतिहासात दोन शाहू प्रसिद्ध आहेत' यात 'शाहू नावाच्या दोन व्यक्ती' असा अर्थ आहे. 'गल्लोगल्ली तेंडुलकर तयार होत आहेत' यात त्या नावाचा कोणीच नाही, त्याच्यासारखे आहेत. नामसाधर्म्याचा संबंध फक्त पहिल्या तऱ्हेशी.

आता खरी गंमत. शब्द नसला तरी असे दोघे वेगळे ओळखण्याची सोय मराठीने फार पूर्वी केली आहे. थोरले बाजीराव (1700–1740) आणि रावबाजी, म्हणजे दुसरा बाजीराव. थोरले माधवराव (1745–1772) आणि सवाई माधवराव (1774–1795). 'थोरले' हे विशेषण एकाच घराण्यात चालते. वेगळ्या क्षेत्रांतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांना ते लावले की नसलेले घराणे उभे राहते. 'पहिला' आणि 'दुसरा' यांनाही तोच नियम, फक्त प्राचीन ग्रंथकारांना अपवाद करावा लागतो, कारण तिथे दुसरा आधारच नसतो. महाभास्करीय लिहिणारा सातव्या शतकातला भास्कर 'पहिला' आणि लीलावतीचा भास्कराचार्य (जन्म 1114) 'दुसरा', हे आकडे नंतरच्या इतिहासकारांनी लावलेले. पहिल्याला स्वतःला आपण पहिले आहोत हे कुठून कळणार!

शाहूंच्या बाबतीत आकड्यापेक्षा उपाधी जास्त काम करते. 'शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथाला पेशवेपद दिले' ही 1713 ची गोष्ट, साताऱ्याचे शाहू (1682–1749). 'शाहू महाराजांनी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या' ही 1902 ची, कोल्हापूरचे शाहू (1874–1922). दोन्ही वाक्ये बिनचूक, पण एकाच परिच्छेदात आली तर नवख्या वाचकाला एकच माणूस दोनशे वर्षे जगल्यासारखा वाटेल. म्हणून कोल्हापूरच्या शाहूंना 'राजर्षी' लावावेच. तिथे ते आदरार्थी तर आहेच, शिवाय ओळखखूणही आहे. 'नानासाहेब पेशवे' यांचेही तसेच : एक पानिपताच्या वेळचे, दुसरे 1857 चे. तिथे साल दिल्याशिवाय गत्यंतर नाही.

घराणे आणि उपाधी दोन्ही नसतील तर मधले नाव. विन्स्टन चर्चिल नावाचा अमेरिकन कादंबरीकार (1871–1947) ब्रिटिश चर्चिलच्या (1874–1965) आधी प्रसिद्ध झाला होता. 1899 मध्ये दोघांचा पत्रव्यवहार झाला आणि ब्रिटिश चर्चिलने पुस्तकांवर 'स्पेन्सर' हे नाव घालायचे ठरवले. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये येतेच, त्यामुळे सोय आयती आहे, पण ती वापरली तर. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले आणि सुनील तटकरे याच नावाच्या अपक्ष उमेदवाराला 9,849 मते पडली. वडिलांची नावे वेगळी होती. नावे सारखी असतील तर व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा अन्य काही जोडून फरक दाखवावा, असे 1961 चे निवडणूक नियम सांगतात, आणि 2015 पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटोही असतो.

लेखनात मात्र आपण ही सोय आद्याक्षरांत गुंडाळून घालवतो. 'वि.' या एका अक्षराआड वि. का. राजवाडे यांचे विश्वनाथ, वि. स. खांडेकर यांचे विष्णु, वि. द. घाटे यांचे विठ्ठल आणि वि. दा. सावरकर यांचे विनायक, इतकी नावे दडली आहेत. 'चिं. वि. म्हणतात' एवढेच लिहिले तर ते महाभारताचे अभ्यासक चिं. वि. वैद्य (1861–1938) की चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी (1892–1963)? पूर्ण नाव लिहूनही सुटका नाही, कारण दोघेही चिंतामण विनायकच. तिथे आडनाव गाळूच नये. राजवाड्यांच्या घरात उलटे होते. इतिहासकार विश्वनाथ काशीनाथ आणि त्यांचे थोरले बंधू, निरुक्ताचे अभ्यासक वैजनाथ काशीनाथ, यांच्यात आडनावही तेच आणि वडीलही तेच. देवनागरीत 'वि. का.' आणि 'वै. का.' असा एका स्वरचिन्हाचा फरक तरी उरतो. रोमन लिपीतल्या सूचीत दोघेही 'व्ही. के. राजवाडे' होतात, म्हणून तिथे पहिले नाव अखंड लिहावे.